नव्या अल्बमवर कवीचे नाव: जलशापासून रॉक बँडपर्यंत भीमगीतांचा प्रवास

गिटार, बेस, ड्रम आणि जोडीला ढोलकी घेऊन बुद्ध-भीमगीते गाणारे तरुण बँड आता महाराष्ट्रात नवलाईचे राहिलेले नाहीत. जयंतीच्या मंचावर, विहारातील कार्यक्रमात, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ते दिसतात. दोन-तीन वर्षे मंच गाजवला की प्रत्येक बँडला पुढचा टप्पा खुणावू लागतो, तो म्हणजे स्वतःचा अल्बम.

अल्बमची तयारी सुरू झाली की चर्चा स्टुडिओच्या भाड्याची होते, व्हिडिओची होते, पोस्टरची होते. गाणे कोणाचे, त्याची परवानगी कोणाकडे मागायची आणि कवीचे नाव कुठे लिहायचे, हा विषय बहुधा शेवटी येतो किंवा येतच नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी एकत्र मांडत आहोत. पहिली, आपल्या गाण्यांची परंपरा जलशापासून रॉकपर्यंत कशी आली. दुसरी, अल्बम काढणाऱ्या बँडला कायद्याची आणि व्यवहाराची कोणती माहिती हवी. नाशिकच्या तरुणांसाठी तर हा घरचाच विषय आहे, कारण या परंपरेतील दोन मोठी नावे याच जिल्ह्याने दिली आहेत.

नाशिक, सत्याग्रह आणि जलसा

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्याच्या आघाडीवर होते. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन तारखा आपल्या सर्वांना पाठ आहेत. पण या दोन तारखांच्या मधल्या काळात सभेतील विचार गावोगाव कोणी पोहोचवला? वर्तमानपत्र वाचता येणारे थोडे होते, रेडिओ वस्तीत नव्हता. ते काम आंबेडकरी जलशांनी केले.

जलशाचा साचा तमाशाचा होता. त्यातला मजकूर मात्र बदललेला होता. गणपतीच्या गणाऐवजी बाबासाहेबांना वंदन आले. गौळण गेली. वगाच्या जागी शाळा, दारू, सावकारी, मेलेल्या जनावराचे मांस आणि गावकीची कामे सोडणे यांवरचे संवाद आले. ढोलकी, तुणतुणे, झांज, डफ एवढ्यावर रात्र उभी राहत असे. सत्यशोधक जलशांनी आधी जी वाट पाडली होती, ती आंबेडकरी जलशांनी पुढे नेली.

या जलशांचे एक प्रमुख नाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील शाहीर भीमराव कर्डक. त्यांनी जलसा नुसता गाजवला नाही, त्याची नोंदही करून ठेवली. 'आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कलावंतानेच आपल्या कलेचा इतिहास लिहून ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे फार थोडी आहेत. ते पुस्तक नसते तर कितीतरी शाहिरांची नावे आज आपल्याला कळलीही नसती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा मुद्दा नावांचाच आहे.

१९५६ नंतरची गाणी

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने गाण्याचा विषय विस्तारला. आधीच्या गाण्यात सत्याग्रह होता, परिषद होती, बाबासाहेबांचा संदेश होता. आता त्यात तथागत आले, पंचशील आले, पाली शब्द आले. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाणानंतर शोकगीतांचा एक मोठा प्रवाह तयार झाला. 'बुद्ध-भीमगीते' हा शब्द इथून रूढ झाला.

सादरीकरणाची रीतही बदलली. जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. हार्मोनियम, ढोलक, बुलबुल तरंग आणि कोरस. दोन पार्ट्यांमध्ये रात्रभर सवाल-जवाब रंगू लागले आणि कव्वालीचा ढंग आपल्या वस्त्यांमध्ये रुजला. लोकांच्या ओठावर असलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या चालीवर नवे शब्द बांधण्याची पद्धत तर सुरुवातीपासूनच होती. चाल ओळखीची असली की शब्द लवकर पाठ होतात, हे शाहिरांना चांगले माहीत होते.

बायकांचे गाणे मात्र मंचाच्या बाहेर, जात्यावर चालू होते. बाबासाहेबांवरच्या शेकडो ओव्या ग्रामीण स्त्रियांनी रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आणि त्यांत भीमाच्या ओव्यांचा वेगळा भाग आहे. या संग्रहातील ओव्या आता प्रसिद्ध होतात तेव्हा ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही दिले जाते. 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे होण्याचा सोपा मार्ग तिथे घेतलेला नाही. आपल्या बँडांनी हा धडा जरूर घ्यावा.

देशवंडीचे वामनदादा

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत मजुरी करताना, वयाने मोठे झाल्यावर ते अक्षरे शिकले. १९४३ पासून गीते रचू लागले, आणि पहिली रचना एका हिंदी गाण्याच्या चालीवर होती. त्यानंतर सहा दशके ते लिहीत आणि गात राहिले. 'वाटचाल', 'मोहळ' हे गीतसंग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन त्यांच्या नावावर आहे. 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटासाठीही त्यांनी गीत लिहिले. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची गीते हजारोंच्या संख्येत आहेत. त्यांतली किती छापली गेली, किती वह्यांमध्ये राहिली आणि किती गायकांच्या तोंडी फिरत राहिली, याचा हिशेब लागणे कठीण. गाव तिथे वामनदादांचे गाणे पोहोचले, पण गाणाऱ्या प्रत्येकाला ते कोणाचे हे ठाऊक होतेच असे नाही.

वामनदादांनी यावर एक उपाय गाण्यातच करून ठेवला होता. संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा असते, तशी त्यांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले असते. छापील पुस्तक नसले, कॅसेटवर नाव नसले, तरी गाणे पूर्ण गायले की कवी आपोआप समोर येतो. इथेच नव्या बँडांनी सावध राहायला हवे. जुने सात कडव्यांचे गीत साडेतीन मिनिटांच्या ट्रॅकमध्ये बसवताना पहिली कात्री शेवटच्या कडव्याला लागते, आणि कोणाच्या मनात काही वाईट नसताना कवीचे नाव गाण्यातून जाते. कडवी कमी करायचीच असतील तर मधली कमी करा, नाममुद्रेचे कडवे ठेवा. हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही, तो आपणच आपल्याला घालून घ्यायचा आहे.

कॅसेटने काय दिले, काय नेले

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते घराघरात गेली. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज, त्यांच्यामागून आनंद आणि मिलिंद शिंदे, लोकशाहीर विठ्ठल उमप यांची शाहिरी हे सगळे रिक्षात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात वाजू लागले. १४ एप्रिलच्या आधी नवी कॅसेट आली का, याची वाट पाहिली जाई. भीमगीतांची एक स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली, आणि ती आपल्याच लोकांच्या खिशातून उभी राहिली.

पण कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक आणि कवीचे नाव बारीक अक्षरात किंवा मुळीच नाही, असे चित्र सर्रास दिसे. अनेक कवींनी आणि गायकांनी एकरकमी मानधन घेऊन सही केली. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीची रिंगटोन झाली, रिंगटोनचा व्हिडिओ झाला. दर वेळी गाणे नव्याने विकले गेले, पण जुन्या सहीचा मोबदला एकदाच मिळाला होता.

या गाण्यांची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, हेही विसरू नये. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा, नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा, निर्घृण खून झाला. त्याच्या मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद सुरू झाल्याची तक्रार होती. ज्या गाण्याच्या चार ओळी वाजल्या म्हणून आपल्या पोराचा जीव जातो, ते गाणे लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नसावे, हे आम्हाला पटत नाही.

गिटार आपली कशी झाली

रॉक हे परक्यांचे संगीत, आपली ढोलकी बरी, असा सूर काही ज्येष्ठ लावतात. त्यांच्या काळजीचा आदर ठेवून आम्ही एवढेच म्हणू की रॉकचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये आहे. गुलामगिरीतून आलेल्या माणसांच्या दुःखाचे आणि चिवटपणाचे ते गाणे. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले तेव्हा ते आपल्याला परके वाटले नाही. त्याच माणसांचे संगीतही परके मानायचे कारण नाही.

मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्मा विंग्ज' हा बँड उभा केला आणि बौद्ध रॉक बँड अशी त्याची ओळख झाली. चेन्नईत २०१७ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेन्मा यांच्या सहभागाने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' तयार झाला. तिथल्या वस्त्यांमधील गाना हा गायनप्रकार, रॉक आणि रॅप यांचा त्यात मेळ आहे. या नावामागे तमिळ बौद्ध विचारवंत पंडित अयोथी दास यांची 'जातिविरहित तमिळ' ही संकल्पना आहे. अयोथी दास यांनी १८९८ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी, शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली होती. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माही यांनी पॉप संगीतातून बाबासाहेब आणि गुरू रविदास गायले.

या सगळ्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट एकच: वाद्य बदलले तरी शब्द कोणाचा आणि कोणासाठी हे त्यांनी ढळू दिले नाही.

रॉकच्या इतिहासात आपल्या विषयाशी थेट जुळणारा एक प्रसंगही आहे. लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध ब्रिटिश बँडचे 'व्होल लॉटा लव्ह' हे गाणे १९६९ मध्ये आले आणि प्रचंड गाजले. त्यातील शब्द विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गीतकाराच्या जुन्या गाण्याशी जुळणारे होते, पण अल्बमवर त्यांचे नाव नव्हते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि आज त्या गाण्याच्या श्रेयात त्यांचे नाव आहे. याच डिक्सन यांनी जुन्या ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्काचे पैसे मिळवून देण्यासाठी एक संस्थाही उभी केली. रॉक घेताना गिटारच्या सुरावटीबरोबर ही लढाईही आपण घ्यायला हवी.

एका गाण्याचे तीन हक्क

आता कायद्याकडे वळू. भारतात याचा आधार आहे कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्यात २०१२ मध्ये झालेली दुरुस्ती. एका रेकॉर्ड झालेल्या गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात:

- शब्द: हा हक्क प्रथम कवीचा.
- चाल: हा हक्क प्रथम संगीतकाराचा.
- ध्वनिमुद्रण: हा हक्क ते मुद्रण काढणाऱ्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा.

याशिवाय गायक आणि वादकांना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. म्हणून 'गायकाने परवानगी दिली' एवढ्याने काम भागत नाही. गायकाकडे शब्दांचा हक्क असेलच असे नाही. तसेच चित्रपटगीताच्या चालीवरचे भीमगीत घेतले तर शब्द आपल्या कवीचे, पण चाल चित्रपटाच्या संगीतकाराची किंवा कंपनीची. मंचावर हे खपून जाते. अल्बम ऑनलाइन गेला की तिथली स्वयंचलित यंत्रणा चाल ओळखते आणि कमाई भलतीकडे वळते किंवा गाणेच उतरवले जाते. अशा गीतासाठी नवी चाल बांधणे हा सर्वांत सरळ मार्ग. त्यासाठीही शब्दांच्या मालकाची परवानगी लागतेच.

कोणते गाणे खुले, कोणते नाही

भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ मधले. म्हणजे त्यांच्या गीतांचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. 'आपल्याच समाजाचे गाणे आहे, सगळ्यांचेच आहे' ही भावना योग्य, पण कायद्याने ते गीत अजून त्यांच्या वारसांचे किंवा ज्यांना त्यांनी लिहून दिले त्यांचे आहे.

अण्णाभाऊ साठे यांचे निधन १९६९ मधले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना १ जानेवारी २०३० पासून खुल्या होतील.

बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये आला, म्हणून तो १ जानेवारी २०१८ पासून खुला आहे. मात्र मराठी अनुवाद वापरणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, तो तपासा.

पाली गाथा, त्रिशरण, पंचशील, मंगलसुत्त यांवर कोणाचीही मालकी नाही. त्यांना रॉकची साथ द्यायला कोणाची परवानगी नको. फक्त दुसऱ्याने बांधलेली आधुनिक चाल किंवा दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण उचलू नका. आणि वंदनेचे सूत्र गाताना उच्चार शुद्ध राहतील, गांभीर्य राहील, एवढी जबाबदारी बँडची आहे.

परवानगीचे दोन मार्ग

पहिला मार्ग लेखी परवानगीचा. कवी हयात असेल तर कवीकडून, नसेल तर वारसांकडून, आणि हक्क कंपनीला दिले असतील तर कंपनीकडून. कागदावर गाण्याचे नाव, कशासाठी वापर (ऑडिओ, व्हिडिओ, मंच), किती वर्षे, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे स्पष्ट लिहा आणि सही घ्या. हक्क लिहून देताना कागदावर मुदत नमूद नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. जुने करार तपासताना या तरतुदीचा वारसांना उपयोग होऊ शकतो.

दुसरा मार्ग कायद्याच्या कलम ३१-क मधील कव्हर आवृत्तीचा. मूळ गीत पहिल्यांदा रेकॉर्ड झाले त्या वर्षाच्या अखेरीनंतर पाच वर्षे उलटली असतील तर मालकाला आधी नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून नवे ध्वनिमुद्रण करता येते. पण अटी कडक आहेत. शब्दांत आणि चालीत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती आहे असे लिहावे लागते. आणि रॉयल्टी दरवर्षी किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते, ही मर्यादा एखाद्या भाषेसाठी कमी केली गेलेली नसेल तर. शिवाय ही सोय फक्त ध्वनिमुद्रणाला आहे, व्हिडिओला नाही. छोट्या बँडला हा मार्ग परवडणारा नाही. पहिलाच मार्ग धरा.

विहारातील कार्यक्रमाचे काय? हौशी मंडळाने तिकीट न लावता, विनामूल्य श्रोत्यांसमोर गीत सादर केले, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी सादर केले, तर ते उल्लंघन मानले जात नाही. दादासाहेब गायकवाड सभागृहात तिकीट लावून केलेला कार्यक्रम आणि वस्तीतल्या विहारात धम्मसंध्येला गायलेले गीत यांत हा फरक आहे.

नवे शब्द लिहिणाऱ्यांसाठी

बँडचे स्वतःचे गीत असेल तर प्रश्न उलटा होतो. आता तुम्हीच कवी आहात आणि समोर कंपनी आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला एक मोठे संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क कर्त्याला सोडून देता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे दिले, पुढे काहीही मागणार नाही' असे कागदावर लिहून घेतले तरी हा वाटा जात नाही. जुन्या पिढीच्या कवींना हे संरक्षण इतक्या स्पष्ट शब्दांत मिळाले नव्हते. तुम्हाला ते आहे, ते ओळखा.

रॉयल्टी गोळा करण्यासाठी गीतकार आणि संगीतकारांची 'आयपीआरएस' ही संस्था आहे. ती १९६९ पासून काम करते आणि २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून नव्याने नोंदणी झाली. गायकांच्या हक्कांसाठी वेगळी संस्था आहे, ती 'इस्रा' या नावाने २०१३ मध्ये सुरू झाली. सभासद झाल्याशिवाय आणि गाणे नोंदवल्याशिवाय पैसा आपोआप घरी येत नाही.

अल्बम बाहेर काढण्याआधीची यादी

१. प्रत्येक गाण्याचा एक कागद करा. कवी, संगीतकार, संगीत संयोजक, गायक, वादक, ध्वनिमुद्रण करणारा, स्टुडिओ आणि तारीख लिहा. सर्वांच्या सह्या घ्या.

२. बँडमधील वाटे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के कोणाला. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटते, पण गाणे गाजल्यावर बोलणे त्याहून अवघड होते.

३. बँडच्या नावाचा मालक कोण, सदस्य सोडून गेला तर काय, हे लिहून ठेवा. नाव मोठे होण्याची चिन्हे दिसली तर ट्रेडमार्कची नोंदणी करा. करमणूक सेवांसाठी तो वर्ग ४१ मध्ये येतो.

४. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक घ्या. गाणे ऑनलाइन पोहोचवणाऱ्या वितरक कंपन्या तो मिळवून देतात. तुमचे गाणे कुठे किती वाजले याचा हिशेब त्याच्यावरच चालतो.

५. अपलोड करताना 'गीतकार' आणि 'संगीतकार' हे रकाने रिकामे सोडू नका, आणि तिथे बँडचेच नाव टाकू नका. कवीच्या नावाचे लेखन सगळीकडे एकच ठेवा. एका ठिकाणी 'वामन कर्डक', दुसरीकडे 'वामनदादा', तिसरीकडे वेगळ्या इंग्रजी स्पेलिंगने लिहिले तर यंत्राला ती तीन माणसे वाटतात.

६. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष द्यावे लागते. या यादीत कवीचे नाव नाही. मात्र कलम ५७ प्रमाणे आपण रचनेचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क कवीला आहे, आणि हक्क विकले तरी तो राहतो. म्हणून नाव द्यायला कोणी भाग पाडण्याची वाट पाहू नका.

७. व्हिडिओच्या सुरुवातीला, वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि मंचावर गाणे सुरू करण्याआधी कवीचे नाव घ्या. निवेदकाला दहा सेकंद लागतात.

८. 'पारंपरिक' हा शब्द लिहिण्याआधी निदान तीन ज्येष्ठ गायकांना आणि एखाद्या जुन्या गायन पार्टीला विचारा. आपली बहुतेक गाणी गेल्या शंभर वर्षांतली आहेत, म्हणजे त्यांना कोणीतरी लिहिणारा आहे.

९. वाद निर्माण झाला तर वकिलाचा सल्ला घ्या. हा लेख प्राथमिक माहितीसाठी आहे.

त्रिरश्मीच्या भिंतीवरील नावे

यावर एक आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे: चळवळीचे गाणे हे दान आहे, त्यात नाव आणि पैसा कशाला? वामनदादांसारखे कवी कधी हिशेबाला बसले नाहीत, मग आजच्या पोरांनी कागदपत्रे का करावीत?

उत्तर नाशिकच्याच डोंगरात कोरलेले आहे. त्रिरश्मी लेण्यांत २४ लेणी आहेत आणि दान देणाऱ्यांची नावे तिथे शिलालेखांत आहेत. सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिचे नाव आहे, आणि मुगुदास नावाच्या कोळ्याचेही आहे. धम्मदान करणाऱ्याचे नाव लिहिल्याने दान कमी झाले, असे त्या भिक्खूंना वाटले नाही. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, त्यांतले २००० महिना १ टक्का आणि १००० महिना पाऊण टक्का व्याजाने. मूळ रक्कम तशीच राहायची आणि व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना चीवर मिळायचे. रक्कम, दर आणि कारण, तिन्ही दगडावर लिहिलेले. दान आणि हिशेब यांत आपल्या पूर्वजांनी विरोध मानला नाही.

गरिबीत गेलेल्या कवींच्या त्यागाचा गौरव आपण करतो, तो केलाच पाहिजे. पण ती गरिबी पुढच्या कवीलाही भोगायला लावणे हा गौरव नव्हे. जयंतीला डीजेवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातला थोडा भाग एका कवीच्या वह्या छापायला, एका वारसाची परवानगी रीतसर घ्यायला, एका नव्या बँडचा अल्बम स्टुडिओत नीट रेकॉर्ड करायला वळवता येईल. जयंती मंडळांनी या वर्षी हा ठराव करून पाहावा.

आणि तरुण बँडांना आमचे सांगणे असे: गिटार जोरात वाजवा, ढोलकी सोबत ठेवा, नवे शब्द लिहा, जुनी गीते नव्याने गा. अल्बम बाहेर येईल त्या दिवशी पहिली प्रत कवीच्या घरी नेऊन द्या. कवी नसेल तर त्याच्या लेकरांना द्या, आणि त्यांच्या हातात वाट्याचा कागदही ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!